राजीखुशीनं

तराजूवरचा आकडा स्थिर होत आला होता, तेवढ्यात ग्रॅनाइटचं टेबल थरथरलं आणि शेवटचे अंक पुन्हा धावायला लागले. फोन मीच टेबलावर ठेवला होता. ठेवायचा नसतो, दुसऱ्या कोणी ठेवला तर मी ओरडते. तराजूच्या काचेच्या पेटीत एक गोल कागद होता, माजरीच्या खाणीजवळच्या वस्तीत दिवसभर हवा गाळून काळा झालेला. कोरा असताना तो मी तोलला होता, आता धुळीसकट तोलत होते. दोन्हींतला फरक म्हणजे तिथली माणसं छातीत काय भरून घेतात ते. या कामातलं मला एवढंच आवडतं, की कागदावर जे बसलं ते मोजायचं आणि जे बसलं नाही त्याबद्दल बोलायचं नाही. फोनवर प्रफुल होता, माझा चुलतभाऊ. एरवी तो आधी जेवलीस का विचारतो. “रुखमाबाईले नेलं,” तो म्हणाला. “मोहाखाली, सकाळी. तू ये अन् तुह्या मायले इथून घेऊन जाय. लोक लय तापले हायेत तिच्यावर.” त्याच्या मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं, एकाच पट्टीतलं, मशीन चालू असल्यासारखं. मायवर का, असं मी विचारलं. “काऊन म्हंजे? तुले माहीत नाई काऊन?” आणि फोन बंद झाला. मी पेटीचं दार लावलं, आकडा शून्यावर आणला आणि तोच कागद पुन्हा तोलला. हात कापत नव्हता. त्याचा मला राग आला.

आमच्याकडे वाघानं मारलं असं कोणी म्हणत नाही. नेलं म्हणतात, जसं सासरच्यांनी पोरीला नेलं, पुरानं जाळं नेलं. माझ्या बाबांनाही माघात नेलं होतं, तलावाच्या पाळीखाली, मातीच्या बांधालगत, पहाटे जाळं काढायला ते वाकले असताना. नेलं म्हणण्यात एक सोय आहे. नेलेलं माणूस कुठंतरी असतं. मेलेलं कुठंच नसतं. प्रयोगशाळेत माझ्याबरोबर काम करणाऱ्या पायलनं हातमोजे काढत काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा मी तिला मुद्दाम म्हणाले, “आमच्या शेजारच्या बाईला वाघानं मारलं.” ती ‘अरे देवा’ म्हणाली, आणि मग तिनं ते म्हटलंच. “पण तुझ्या आई सांभाळतील गं सगळ्यांना. केवढी श्रद्धा आहे त्यांची. मी तर तो व्हिडिओ अजून अधूनमधून बघते.” पायल वाईट मुलगी नाही. माझा डबा संपला की तिच्यातली भाकर मला देते. पण त्या क्षणी तिच्या गोऱ्या, स्वच्छ, हातमोज्यांतून नुकत्याच बाहेर आलेल्या बोटांचा मला मनापासून तिरस्कार वाटला.

तो व्हिडिओ. बाबांना नेलं त्या दिवशी गावानं त्यांना उचलू दिलं नव्हतं. वाघिणीला पकडायला पथक आणा, मगच देह हलेल, असं म्हणून प्रफुल आणि पोरं रस्त्यावर बसली होती. रस्त्याच्या मधोमध चादरीखाली बाबा. दुपार झाली, ऊन चढलं. मी चंद्रपूरहून पोचले तेव्हा माय घरातून निघून गर्दीतून वाट काढत होती. तिनं चादर नीट केली आणि म्हणाली, “उचला त्याले. माशा बसून राह्यल्या.” प्रफुल म्हणाला, “काकू, थांबा थोडं, साहेब येऊन राह्यले.” ती म्हणाली, “साहेबायले काय पाह्यचं हाय याच्यात? उचला.” मग ती रस्त्याच्या कडेच्या वाघदेवापुढं जाऊन उभी राहिली, हात जोडले आणि मोठ्यानं बोलली. बाबांना उचललं, तशी माणसंही उठली. वनखात्याचे साहेब आले तेव्हा रस्ता मोकळा होता. त्यांनी पिंजरा लावू म्हटलं, लावला, त्यात बकरी बांधली. वाघीण त्याच्याकडे फिरकली नाही. कोणीतरी मायचं बोलणं मोबाइलवर घेतलं होतं. त्याखाली बासरी घालून, ‘वाघाला माफ करणारी माउली’ असं लिहून ते सोडून दिलं. पुण्याच्या, नाशकाच्या, कुठल्या कुठल्या लोकांनी हात जोडले. एकानं लिहिलं होतं, अशी माणसं आहेत म्हणून जंगल आहे. मला त्या माणसाचा पत्ता हवा होता. त्याच्या पलंगापासून सगळ्यात जवळचा वाघ किती अंतरावर आहे ते मला मोजायचं होतं.

मूलकडे जाणाऱ्या बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. लोहारा मागं पडलं की दोन्ही बाजूंनी झाडं जवळ येतात. सागाची पानं झडलेली असतात, आणि उन्हात सगळं जंगल कोणीतरी भाजून ठेवल्यासारखं दिसतं. लहानपणी मी या रस्त्यावर झाडं ओळखत यायचे. ऐन, धावडा, बिजा. आता मी झाडांकडे बघत नव्हते, झाडांच्या मधल्या जागांकडे बघत होते. समोरच्या सीटवर दोन माणसं होती, धानाच्या गिरणीतली असावीत, कपड्यांच्या शिवणीत कोंडा अडकलेला. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचली होती. “थेच गाव ना बे, जिथल्या बाईनं वाघाले माफ केलं?” “हो ना. मंग घे आता. माफ केलं तं दुसरी नेली.” “वाघाले काय समजते माफी? त्याले वाटलं असन, इथी काही म्हणत नाई कोणी, चाल रोज येऊ.” दोघं हसले. वाईट हसणं नव्हतं ते, प्रवासातलं होतं. “पण बाई हिंमतीची,” पहिला म्हणाला. “हिंमतीची कायची, डोस्क्यावर परिणाम झाला असन.” मी खाली मान घालून माझी नखं पाहत राहिले. मला त्या दुसऱ्या माणसाशी सहमत व्हायचं होतं. डोक्यावरचा परिणाम ही गोष्ट मला समजते. ती रसायनांची असते, तिला गोळी असते. पण माय शुद्धीवर होती. बाबांच्या तेराव्यापर्यंत एकही वस्तू तिनं चुकीच्या जागी ठेवली नाही.

बाबांना नेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मीच तिला समजावलं होतं. आम्ही दोघी पडवीत बसलो होतो. मी तिला म्हणाले की वाघ सहसा माणूस मारत नाही. उभा माणूस त्याच्या भक्ष्यासारखा दिसत नाही. पण वाकलेला माणूस, पाठ आडवी, हात खाली, अर्धवट उजेड, हे त्याला चार पायांचं जनावर वाटतं. बाबा जाळ्यावर वाकले होते. वाघिणीची चूक झाली. मी हे अगदी हळू आवाजात सांगितलं, शिकवणीतल्या पोरांना सांगते तसं. मला खरोखर वाटत होतं की हे कळलं तर बरं वाटेल. मला स्वतःला बरं वाटलं होतं. बस स्टँडवर बसून मी ते मोबाइलवर वाचलं होतं आणि पहिल्यांदा श्वास नीट आला होता. कोणाचा राग नव्हता, कोणाची इच्छा नव्हती. दृष्टी, कोन, प्रकाश. मायनं सगळं ऐकून घेतलं. “म्हंजे चुकून?” “हो. चुकून.” ती अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहत होती. “तुहा बाप इतकी वर्षं तलावात उतरला,” ती म्हणाली, “अन् तू म्हणून राह्यली का तो चुकून मेला. बकरी समजून. असं नको म्हणू बाई. कोणीतरी नेला म्हण.” मी म्हणाले, “पण कोणी नेलं नाही माय. खरं ते खरं.” तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. आत जाऊन भात टाकला. तेव्हापासून आमच्यात ते बसलेलं आहे, तराजूच्या तबकडीवर एखादा केस बसावा तसं. दिसत नाही, पण एकही आकडा खरा येऊ देत नाही.

गावच्या फाट्यावर उतरले. रस्ता पुढं अडवलेला होता, दगड आणि बाभळीच्या फांद्या टाकून. पलीकडे गर्दी, पोलिसांची गाडी, मंडपाचं निळं कापड. मी आडवाटेनं तलावाच्या पाळीवरून घराकडे गेले. पाळीवर चालताना एक दगड उचलला. का ते माहीत नाही, कुत्र्यांसाठी असेल. तलावात पाणी बरंच खाली गेलं होतं, आणि कडेला दोन डोंगे, लाकडी होड्या, उलटे घातलेले होते. घराच्या पडवीच्या छपरावरचे कवेलू फुटले होते. तुकडे कोणी उचलले नव्हते. माय मागच्या दारी भिंतीला टेकून बसली होती. बाबांचं जाळं खुंटीवर तसंच होतं. “आली?” ती म्हणाली. “पाणी पे.” मी म्हणाले, “हे कोणी फोडलं?” “कोणाचं नाव घेऊ? पोरं होती. रुखमाचा भाचा होता त्यायच्यात.” मग थोड्या वेळानं, “काल रुखमानं मले मोह वेचाले बलावलं होतं. म्हणे, प्रेमिलाबाई, चाल, घरात बसून काय करतेस. मी नाई गेली.” तिचा आवाज कोरडा होता. मला तो आवाज ओळखीचा होता. माझाच होता तो, फोन ठेवल्यावरचा.

“कपडे भर,” मी म्हणाले. “चंद्रपूरला चल. खोली लहान आहे, पण होईल.” ती हलली नाही. “मी थे बोलली नाई, त्याच्यानं झालं हे सारं.” काय बोलली नाहीस, असं मी विचारलं, पण मला माहीत होतं. आमच्या गावात रीत आहे. वाघानं नेलेल्या माणसाच्या घरच्यानं शिवेवरच्या वाघदेवापुढं उभं राहून बोलायचं. मनातल्या मनात नाही, तोंडानं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. आमचा माणूस तुह्याकडे आला. राजीखुशीनं देल्ला. आता आमच्या वाटेनं येऊ नको. एवढी तीन वाक्यं. बोलून झालं की गावातला प्रत्येकजण तिथं एक दगड ठेवतो आणि मग देह उचलतात. जो बोलतो तो एका घरासाठी बोलत नाही, गावासाठी बोलतो. माझ्या आज्याच्या वेळी एकदा असं झालं होतं म्हणे, आणि त्यानंतर आमच्या शिवारात कोणाला नेलं नव्हतं, बाबांपर्यंत. मी लहान असताना हे ऐकलं तेव्हा मला ते तीन वाक्यांचं औषध वाटलं होतं. मोठी झाल्यावर हिशेब सोपा वाटला. वाघ थोडे होते, जंगल मोठं होतं.

व्हिडिओत मायनं पहिलं वाक्य म्हटलं होतं. मग ‘तू जाण’ म्हणाली होती. आणि डोकं टेकलं होतं. बासरीमुळं, रडण्यामुळं कोणाच्या लक्षात आलं नाही की मधलं वाक्य नाही आणि शेवटचंही नाही. आज सकाळी रुखमाबाई सापडल्यावर कोणीतरी तो व्हिडिओ पुन्हा लावला, मायनं सांगितलं. ज्या व्हिडिओला पुण्याचे लोक हात जोडत होते, तो आमच्या गावात माणसं कान लावून ऐकत होती. पुन्हा, पुन्हा. राजीखुशीनं म्हटलंच नाई तिनं. म्हणजे दिलाच नाही. म्हणजे वाघदेवाचं येणं बाकी राहिलं. आणि ज्यांचा या कशावरच विश्वास नाही, त्या प्रफुलसारख्यांना वेगळाच राग होता, की हिनं त्या दिवशी देह उचलायला लावला नसता तर पथक आलं असतं, वाघीण पकडली असती. विश्वास असलेले आणि नसलेले, दोघांच्या बोटांची टोकं एकाच बाईकडे. मी उभ्या उभ्या हे मनात मांडून पाहिलं आणि त्यात तिसरं बोट माझंही होतं. मला तिच्या बोलण्याचाच राग होता. मनात का नाही ठेवलंस? घरात दिवा लावतेस, लाव. चारचौघांत, पोलिसांसमोर, मोबाइलसमोर कशाला बोलायचं?

“का नाही बोललीस?” मी विचारलं. “राजी नव्हती म्हणून.” “पण ते फक्त म्हणायचं असतं माय.” ती माझ्याकडे वळली. “कोणाले म्हणायचं असते? तुह्यासाठी तिथी कोणीच नाई,” ती म्हणाली, “म्हणून तुले सोपं हाय. मले तिथी कोणीतरी हाय. त्याच्या तोंडावर खोटं कसं बोलू? तुहा बाप मी राजीखुशीनं देल्ला?” मग तिचा आवाज खाली गेला. “पण बोलाले पाह्यजे होतं. माह्या खऱ्यापायी रुखमा गेली. खोटं बोलली असती तं ती मोह वेचून घरी आली असती आज.” मी तिच्यासमोर खाली बसले. आता मला ते सांगायचंच होतं, आणि या वेळी तिच्या भल्यासाठी. मी म्हणाले, तसं नसतं. वाघिणीची पिल्लं मोठी झाली असतील, तिला जास्त शिकार लागते. मोह वेचणारी बाई सारा वेळ वाकलेली असते. तुझ्या वाक्याचा काही संबंध नाही. तू बोलली असतीस तरी हे झालं असतं. तुझा दोष नाही, कोणाचाच नाही. मी हे बोलत होते तेव्हा माझ्या लक्षात आलं की जगात आत्ता तिला मोकळं करू शकेल अशी एकच गोष्ट आहे आणि ती माझ्याकडे आहे, आणि ती घ्यायला माय हात पुढं करणार नाही. “चुकून?” ती म्हणाली. “हो माय, चुकून.” “एक डाव म्हटलं ना तू. पुरे झालं.” ती उठली आणि पदर नीट केला. मला तिला धरून हलवावंसं वाटलं. दोष हवा आहे तिला. दोषाशिवाय तिला कोणाशी बोलता येत नाही.

प्रफुल मागच्या दारानंच आला. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. माझ्याकडे पाहून मान हलवली. “काकू, चाला. लटारूभाऊ बोलणार हायेत आता.” लटारू म्हणजे रुखमाबाईंचा नवरा. “पथक निघालं नागपूरहून, साहेबानं सगळ्यायसमोर फोन लावला. आता उचलाचं हाय. पण बुढे लोक म्हणतात, आधी काकूचं पुरं करा, मंग लटारूचं. तुम्ही थे दोन वाक्यं बोलून टाका.” मायनं खुंटीवरच्या जाळ्याकडे तोंड फिरवलं. “मी मानतो का हे सारं? मी बी नाई मानत,” तो माझ्याकडे वळून म्हणाला. “पण पोरायले मी कोणत्या तोंडानं आवरू? म्हणून राह्यले, नाई बोलली तं या घरात राहू नाई देत. तलावाच्या मच्छीमार सोसायटीतून नाव काढतात. तू सांग ना तिले. तू शिकली-सवरली.” मी म्हणाले, “माय, बोलून टाक.” मी ते चिडून म्हणाले. दोन वाक्यं. हवेत थोडा दाब कमीजास्त होतो, कानाचा पडदा हलतो, संपतं. “बोल आणि चल माझ्याबरोबर. नाही तर इथं रहा. पण बोल.” माय आधी प्रफुलकडे, मग माझ्याकडे पाहत होती. आम्ही दोघं, न मानणारे, तिला देवासमोर ढकलत होतो.

रस्त्यावर गर्दीनं वाट दिली, पण ती आदरानं दिलेली वाट नव्हती. “व्हिडिओतली बाई आली, बाजूले व्हा बाप्पा!” कोणीतरी ओरडलं. “फोटो काढा, फोटो!” सुकरीबाई, जिनं मला लहानपणी तेल लावून न्हाऊ घातलं होतं, ती समोर आली आणि मायच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, “वाघ माफ केला ना तू? लय मोठी झाली ना? आता रुखमाले बी माफ करून आण वापस.” माय तिला वळसा घालून पुढं गेली. बैलगाडीवर हिरव्या ताडपत्रीखाली रुखमाबाई होत्या. ताडपत्रीतून त्यांची टोपली बाहेर दिसत होती, आणि मोहाचा तो गोड, आंबूस वास, ज्यानं दरवर्षी या दिवसांत सगळा गाव भरलेला असतो, तो तिथं असह्य होता. लटारूभाऊ गाडीच्या चाकाला धरून उभे होते. त्यांचे डोळे मायवर होते आणि ते हलत नव्हते. रस्त्याच्या पलीकडे तेंदूच्या झाडाखाली वाघदेव. सिमेंटचा, गुडघ्याएवढा, ज्या पेंटरनं रंगवला त्यानं वाघ कधी पाहिला नसावा. तोंड मांजराचं, डोळे माणसाचे, कान उंच आणि टोकदार. त्याच्या पायाशी बाबांच्या वेळचे दगड होते. त्यांवर आता वाळलेली पानं साचली होती.

माय त्याच्यापुढं उभी राहिली. तिनं हात जोडले नाहीत. मोबाइल वर गेले. मी तिच्या मागे होते, मला तिची फक्त पाठ दिसत होती, आणि ती पाठ ताठ होती. “मनसाराम तुह्याकडे आला,” ती म्हणाली. तिचा आवाज मोठा होता, जाळं ओढताना बाया तलावाच्या या काठावरून त्या काठाला हाक घालतात तसा. “मले म्हणून राह्यले, राजीखुशीनं म्हण. मी तेव्हा राजी नव्हती. आज बी नाई.” गर्दीत हालचाल झाली. “तू देव हायेस, म्हणून सांगून राह्यली. दगड असतास तं म्हटलं असतं, दगडाले काय लागते! तुह्यासमोर खोटं नाई बोलता येत मले. मी राजी नाई. तुले काय करायचं थे माह्या घराले कर. रुखमाच्या लेकरायले हात लावू नको.” मग आरडाओरडा झाला. कोणीतरी रांड म्हणालं. प्रफुल दोन्ही हात पसरून मध्ये उभा राहिला. एक पोलीस शिट्टी वाजवत होता, उगाच. मला तिची लाज वाटत होती आणि त्याच वेळी दुसरंही काही वाटत होतं, जे मला तोलता आलं नाही.

लटारूभाऊ पुढं आले. त्यांनी मायला हातानं बाजूला केलं, ढकललं म्हणता येईल असं. “पाह्य,” ते तिला म्हणाले, “कसं बोलतात थे पाह्य.” आणि वाघदेवाकडे न पाहता, मायच्या डोळ्यांत पाहत, ते बोलले. “आमचं माणूस तुह्याकडे आलं.” थांबले. घसा खाकरला. “राजी,” म्हणाले आणि पुन्हा थांबले. मागं गाडीचा बैल शेपूट हलवत होता. “राजीखुशीनं देल्लं,” ते ओरडलेच. “आता आमच्या वाटेनं येऊ नको.” गर्दीनं सुस्कारा सोडला. काम झालं. लटारूभाऊंनी उपरण्यानं तोंड पुसलं, आत काहीतरी कडू गेल्यासारखं, मग पुन्हा पुसलं, आणि पुसतच राहिले. ओठांच्या कडा लाल होईपर्यंत. त्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं, मीच पाहत होते. हवेतला थोडा दाब, एक पडदा. थोड्या वेळापूर्वी मायला बोल म्हणताना मी हाच हिशेब केला होता.

दगड ठेवायला लोक एकेक करून पुढं जाऊ लागले. वाकायचं, ठेवायचा, मागं फिरायचं. मायला कोणी जागा दिली नाही, तरी ती गेली आणि तिनं तिचा ठेवला. माझ्या मुठीत पाळीवरचा दगड अजून होता. तो घामानं गरम झाला होता. बाबांच्या वेळी मी दगड ठेवला नव्हता. मला त्यात भाग घ्यायचा नव्हता, बाजूला उभी राहून मी फोनवर साहेबांशी पिंजऱ्याबद्दल बोलले होते. आता पुढच्या माणसामागून मी सरकत होते, आणि समोर ते मांजराचं तोंड जवळ येत होतं. सिमेंट, वाळू, चुना, ऑइल पेंट. मला ते नीट माहीत होतं. त्याच्या आत काहीही नाही हे मला जितकं माहीत आहे तितकं थोड्याच गोष्टींबद्दल माहीत असतं. समोरचा माणूस बाजूला झाला. मला वाकायचं होतं. मी वाकले नाही. हात वर गेला आणि मी दगड पूर्ण ताकदीनं फेकला. कान तुटला. सुका, लहान नारळ फुटल्यासारखा आवाज झाला, आणि तुटलेल्या जागी आतली गंजलेली तार बाहेर आली.

कोणी लगेच ओरडलं नाही. मग सुकरीबाईंनी ऊर बडवायला सुरुवात केली आणि माणसं सगळ्या बाजूंनी आत आली. कोणीतरी माझी ओढणी धरली. तेवढ्यात मायनं माझं मनगट पकडलं, हाडाला लागेल इतकं घट्ट, आणि माझ्यापुढं आली. “चुकून!” ती ओरडली. “चुकून लागला! तिच्या हातून सटकला! बाप गेला तिचा, पोरीचे हात थरथरून राह्यले, पाह्य ना तुम्ही! चुकून झालं!” ती तेच पुन्हा पुन्हा म्हणत होती, सगळ्यांकडे तोंड फिरवून, आणि तिच्या मागं, तिच्या पाठीशी, तो एका कानाचा देव होता. त्याच्या तोंडावर ती खोटं बोलत होती. नवऱ्यासाठी, घरासाठी, गावात राहण्यासाठी जे तिच्या तोंडून निघालं नाही ते माझ्यासाठी निघत होतं, आणि माझाच शब्द घेऊन. लोक थांबले. ओढणी धरलेला हात सैल पडला. चुकून असेल तर चालण्यासारखं होतं. कोंबडा देऊन, कान नवा बसवून निभावण्यासारखं. प्रफुलनं माझ्याकडे पाहिलं. “हो ना ज्योत्स्ना?” तो म्हणाला, जवळजवळ विनवत. “चुकून ना? सांग ना सगळ्यायले.”

मोबाइल माझ्याकडे वळले होते. एकच शब्द. म्हटला असता तर मी मायला घेऊन संध्याकाळच्या बसनं चंद्रपूरला गेले असते. मायची बोटं माझ्या मनगटावर दाबत होती, म्हण, म्हण. गाडीच्या चाकाजवळ लटारूभाऊ उपरणं तोंडाशी धरून माझ्याकडे पाहत होते.

“नाई,” मी म्हणाले. “चुकून नाई. नेम धरून मारला.”

मायनं डोळे मिटले. मनगट मात्र तिनं सोडलं नाही, आणि गर्दी आमच्याकडे सरकायला लागली.